बर्फावरची गुलालाची रेषा

आमच्या टेकडीवर पोलिस आला होता तो काकांमुळे. आधी तेच सांगते, कारण काका म्हटलं की मला अजून पहिल्यांदा तो पोलिस आठवतो. बर्फावरचा लाल रंग बोटावर घेऊन, वाकून वास घेणारा उंचापुरा माणूस, आणि त्याच्यासमोर लेकाचं गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट घालून, माकडटोपीतून फक्त चष्मा बाहेर काढून उभे असलेले आमचे काका.

टेकडी म्हणजे तरी काय! इथे अमेरिकेत अ‍ॅशबर्नमध्ये आमची टाउनहाउसं बांधताना बिल्डरने खणलेली माती एका बाजूला ओतली आणि तिच्यावर गवत लावलं, एवढीच तिची कहाणी. पण आसपास सगळं सपाट, त्यामुळे बर्फ पडला की अख्ख्या वस्तीतली मुलं घसरायला तिथेच. तिच्या एका अंगाला निवांत उतार होता आणि खाली फुटबॉलचं मोकळं मैदान. दुसऱ्या अंगाला उभा उतार, खाली चालायची पायवाट, पायवाटेच्या कडेला दिव्याचा लोखंडी खांब आणि त्यापलीकडे पावसाचं पाणी साठवायचं तळं. मुलांना अर्थातच ही दुसरी बाजू हवी असायची.

त्या सकाळी उजाडल्या उजाडल्या काका त्या उभ्या बाजूला गेले, दोन खुंट्या ठोकून सुतळी ताणली आणि सुतळीच्या कडेने गुलाल टाकत निघाले. गणपतीत उरलेला गुलाल. तळ्यापलीकडच्या एका आजीबाईंनी खिडकीतून पाहिलं तर पांढऱ्या बर्फावर लांबलचक लाल ओघळ, आणि त्यावर वाकलेला एक तोंड झाकलेला म्हातारा. बिचारीने फोन केला. चूक तिची नाहीच, मीही केला असता.

"सर, इज दॅट ब्लड?" पोलिसाने विचारलं.

"नो नो," काका म्हणाले, "गॉड्स कलर."

आणि मग त्याला वीस मिनिटं समजावून सांगितलं. धिस इज लास्ट लाइन. बिफोर धिस लाइन, चाइल्ड मस्ट लीव्ह द व्हेइकल. पोलिस आधी गोंधळला, मग हसला, मग म्हणाला की सर, तुम्ही आधी कळवलं असतंत तर बरं झालं असतं. काकांनी ते ऐकून घेतलं आणि सुतळीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "होल्ड धिस. यू कॅन टॉक, बट होल्ड." रेषा पुरी होईपर्यंत तो माणूस युनिफॉर्ममध्ये सुतळी धरून उभा होता, आणि आम्ही सगळे आपापल्या घरामागच्या लाकडी डेकवर कॉफीचे मग घेऊन तो तमाशा बघत होतो.

हे टोक धरायला लावणं ही काकांची खोड. त्यांच्याजवळ कायम दोन टोकांचं काहीतरी असायचं. सुतळी, टेप, दोर, चादर. कुणी वाद घालायला आलं की ते शांतपणे एक टोक पुढे करायचे आणि म्हणायचे, "भांडायचं असेल तर भांड, पण तोवर हे टोक धर." टोक हातात आलं की माणसाला जाता येत नाही आणि हात मोकळा नसला की आवाजही चढत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तो तेव्हा शुद्ध चावटपणा वाटायचा.

आम्ही सगळे त्यांना नुसतं काका म्हणायचो, मुलं आजोबा म्हणायची. चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली होती. "चाळीस वर्षं मी लोकांना हेल्मेट घाला म्हणून सांगितलं, आणि चाळीस वर्षं लोकांनी मला 'साहेब, गरम होतं' म्हणून सांगितलं," असं ते हसत सांगायचे. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी लेकाने त्यांना आणि काकूंना इकडे आणलं. एकुलती एक नात तेव्हाच कॉलेजला गेलेली. दिवसभर घरात दोन म्हातारी माणसं, आणि बाहेर एकही माणूस पायी चालताना दिसत नाही. काकूंनी भाज्यांच्या कुंड्यांत मन रमवलं. काकांचं काय करायचं हा प्रश्न होता, तो पहिल्या बर्फाने सोडवला.

त्या पहिल्या बर्फात त्यांनी काय पाहिलं असेल याची मी आता कल्पना करू शकते. आपली माणसं! आयुष्यात कुणी बर्फ पाहिलेला नाही, आणि दुकानातल्या बर्फावरून घसरायच्या स्लेड आदल्या दिवशीच संपलेल्या. कुणी प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण आणलंय, कुणी सामान हलवायचा खोका, एका घरून तर चक्क पुरणाची परात आली होती. मुलं पोटावर झोपून डोकं पुढे करून खाली येतायत, उतारावरूनच वर चढणाऱ्यांच्या पायात घुसतायत. एक बाप दीड वर्षाच्या पोरीला मांडीत घेऊन निघालाय आणि आई खालून व्हिडिओ काढतेय. दुसऱ्याने तर स्लेड दोराने गाडीला बांधली होती आणि पोराला त्यात बसवून पार्किंगमधून ओढत निघाला होता. काका सरळ त्या गाडीसमोर जाऊन उभे राहिले. हॉर्न वाजला तरी हलले नाहीत. शेवटी तो खाली उतरला तेव्हा काका म्हणाले, "तुम्ही ब्रेक लावाल. त्याच्या स्लेडला ब्रेक आहे का?" त्या माणसाने दोर सोडला, पण पुढचे दोन महिने काकांशी बोलला नाही.

दुसऱ्या बर्फापासून टेकडी काकांची झाली. कुणी दिली नाही, त्यांनी घेतली.

आधी तांदूळ जायचे. हो, तांदूळ! वीस पौंडी बासमतीची पिशवी स्लेडवर बांधून ते उतारावरून सोडायचे, आणि ती कुठे थांबते ते टेपने मोजायचे. एकदा नाही, दहा-दहा वेळा. "आधी तांदूळ जाऊ देत, मग नातवंडं," म्हणायचे. दुपारी त्याच तांदळाचा भात होई, आणि काकू वाढताना म्हणायच्या, "खा गं, दहा वेळा घसरून आलेला आहे." तांदूळ थांबतील त्याच्या बऱ्याच अलीकडे गुलालाची रेषा. रेषेपर्यंत स्लेड थांबली नाही तर तिच्यावर बसून राहायचं नाही, अंग सोडून द्यायचं आणि बाजूला लोळायचं. स्लेड जाऊ दे तळ्यात.

हे त्यांनी मुलांना तोंडाने नाही सांगितलं. मैदानाच्या सपाट भागात रीतसर तास घेतला. सत्तरी उलटलेला माणूस स्वतः स्लेडवर बसला, दोन मुलांना ओढायला लावलं, आणि मध्येच "लोळ!" असं ओरडून बर्फात गडगडत गेला. वर डेकवरून काकू किंचाळल्या, "अहो, कंबर!" मुलं हसून हसून लोटपोट. मग एकेक करून सगळी लोळली. चायनीज, तेलुगू, गोरी, काळी, सगळी पोरं "लोळ! लोळ!" ओरडत लोळत होती. माझी ओवी तेव्हा सहा वर्षांची. घरी येऊन माझ्या चांगल्या गालिच्यावर दोन दिवस तोच सराव चालला होता.

बाकीचे नियम सोपे होते. बसून यायचं, पाय पुढे. एका वेळी एकच. खाली आलं की गप्पा मारत बसायचं नाही, उठून बाजूला. वर चढायचं ते कडेने. गोल तबकडीसारखी जी स्लेड मिळते तिला काका परातच म्हणायचे आणि तिच्यावर त्यांचा विशेष राग होता. "हिला वळवता येत नाही आणि ही कुठे तोंड करेल ते हिलाही माहीत नाही." लहानाला मांडीत घेऊन बसायची बापांना बंदी. तुमचं वजन त्याच्या पायावर येतं, म्हणायचे. आणि डोक्याला हेल्मेट, सायकलचं चालेल, पण हवंच.

उभ्या बाजूने कुणीच जायचं नाही, हा तर पहिला नियम. तरी दर बर्फाला ते तिकडेही रेषा मारायचे. इतकंच नाही, तिकडच्या दिव्याच्या खांबाला काकूंची गोधडी गुंडाळून वरून दोर बांधायचे. जुन्या नऊवारी लुगड्यांची, चांगली जाड, चिंचवडहून विमानात मांडीवर घेऊन आणलेली गोधडी! काकू पहिल्या वर्षी रडकुंडीला आल्या होत्या. मी एकदा चिडवलं, "काका, तिकडे जायचं नाही म्हणता, आणि सगळी तयारी तिकडेच?"

"नियम पाळणारे असतात, त्यांच्यासाठी नियम," काका म्हणाले. "रेषा, नियम न पाळणाऱ्यांसाठी. आणि ज्यांना रेषाही दिसत नाही त्यांच्यासाठी गोधडी. धर हे टोक."

मी धरलं, पण मनात म्हटलं, म्हाताऱ्याला उद्योग नाही.

आता माझं सांगते. सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

मी नागपूरची. आमच्या घरात थंडीत कान उघडे ठेवून बाहेर पडणं हा गुन्हा. कानात वारं शिरतं, आणि एकदा शिरलं की मग खोकला, ताप, छाती, सगळं. माझ्या आईने ओवीसाठी स्वतःच्या हाताने कानटोपी विणून पाठवली होती. दुहेरी लोकरीची, जाडजूड, वर गोंडा. सोबत तसाच मफलर, ओवीच्या उंचीएवढा. ती टोपी घातली की हेल्मेट डोक्यावर बसायचंच नाही, टोपलीसारखं वर तरंगायचं. अशा वेळी आपण काय करतो? हेल्मेट काढतो. मी एकटीच नाही हो, टेकडीवरच्या निम्म्या मराठी आया तेच करायच्या. पोरगं घरून हेल्मेट घेऊन निघायचं आणि टेकडीवर पोचेपर्यंत ते आईच्या हातात असायचं. डोकं फुटेल ही भीती आमच्या ओळखीची नव्हती, सर्दीची भीती सात पिढ्यांची होती.

ओवी सात वर्षांची झाली त्या हिवाळ्यात मोठा बर्फ पडला. शाळा बंद. नवरा डेटा सेंटरमध्ये, बर्फ पडला की त्याची ड्यूटी आधी पक्की. मी घरून काम करत होते, दोन मीटिंगच्या मध्ये तासभर मिळाला तेव्हा ओवीला घेऊन टेकडीवर गेले. डोकं आधीच तापलेलं. वर पोचलो तर काका वाटेतच उभे.

"ओवी, हेल्मेट?"

"इट डझन्ट फिट, आजोबा. माय कानटोपी इज टू बिग."

"मग कानटोपी काढ. आणि हा मफलर आधी सोड. कुठे अडकला तर गळ्याला फास बसेल," असं म्हणत त्यांनी मफलरची गाठ सोडलीसुद्धा.

माझं टाळकं सटकलं. आजूबाजूला दहा माणसं. "काका, तिची आई इथे उभी आहे," मी म्हटलं. "अंगात कणकण आहे तिला. उद्या न्यूमोनिया झाला तर तुम्ही येणार आहात का दवाखान्यात?"

"न्यूमोनियाला औषध आहे गं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मफलरचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं त्यांनी माझ्यापुढे केलं. "भांड हवं तर, पण..."

"मला नाही धरायचं तुमचं टोक! माझी मुलगी आहे, माझं मी बघेन." असं सगळ्यांदेखत बोलले मी. सत्तरीच्या माणसाला. मफलर त्यांच्याच हातात सोडला, ओवीचा हात धरला, आणि केवळ त्यांना दाखवायचं म्हणून तिला घेऊन उभ्या बाजूला गेले. स्लेड कुठली, तर तीच, परात. दुकानात बाकी संपल्या होत्या.

ओवी म्हणाली, "आई, वी आर नॉट अलाउड हिअर."

मी म्हटलं, "एकदाच जा. मी आहे ना."

हे वाक्य मी किती वेळा आठवलं असेल! मी आहे ना. मी वर होते, आणि पोर खाली निघाली होती.

सकाळचं ऊन लागून बर्फाचा वरचा थर वितळला होता आणि परत गोठला होता, ते मला कुठे ठाऊक? परात सुटली ती काचेवरून सुटावी तशी. अर्ध्यावर गर्रकन फिरली आणि ओवीची पाठ उताराकडे झाली. तिला पुढचं काही दिसत नव्हतं. मला खांब दिसत होता, तळं दिसत होतं. मागून काका ओरडले, "ओवी, लोळ!"

आणि लोळली हो माझी पोर. फिरता फिरता तिला बाजूने लाल रेषा दिसली असणार, तिने हात सोडले आणि अंग टाकलं. परात पुढे गेली, पायवाट ओलांडून तळ्याच्या पातळ बर्फावर पोचली आणि तिथे फट् असा आवाज होऊन तिरकी आत गेली. ओवी लोळत लोळत खांबापर्यंत गेली, आणि खांबावर आपटली.

मी खाली कशी पोचले ते आठवत नाही. काका माझ्याआधी तिथे होते. तिला उचलू दिलं नाही मला. "हलवू नकोस. ओवी, माझ्याकडे बघ. बोटं हलव. पाय हलव. मान नको हलवू." त्यांनी स्वतःचं जॅकेट काढून तिच्यावर घातलं, नऊ-एक-एकला फोन केला, आणि अँब्युलन्स येईपर्यंत स्वेटरवर बर्फात गुडघे टेकून तिच्याशी बोलत राहिले. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मनगट मोडलं होतं. डोक्याला टेंगूळ होतं आणि सौम्य कन्कशन, म्हणजे मेंदूला हलका मार. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हेल्मेट होतं का? मी म्हटलं, "शी वॉज वेअरिंग अ हॅट. हर ग्रँडमदर मेड इट." त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, लोखंडी खांब म्हणता, त्या मानाने डोकं फारच वाचलं. मी सांगितलं की खांबाला गोधडी होती. त्यांना नीट कळलं नाही, म्हणून क्विल्ट म्हटलं. त्या हसून म्हणाल्या, "हू पुट्स अ क्विल्ट ऑन अ लॅम्पपोस्ट?"

मी तिथे, त्या पडद्यामागे, जी रडायला लागले ती थांबेना. ओवीच मला म्हणाली, "आई, इट्स ओके, आय डिड द लोळ."

चार दिवस मी काकांच्या दाराशी गेले नाही. तोंडच नव्हतं. पाचव्या दिवशी तेच आले. हातात मफलर, धुऊन घडी केलेला, आणि बगलेत शाळेची शंभर पानी वही. मला वाटलं, आता ऐकायचं. ऐकायला हवंच होतं, मी मनाची तयारी केली होती.

वहीत उभ्या रेघा मारून तीन रकाने होते. काय झालं, का झालं, पुढे काय करायचं. टेकडीवरची प्रत्येक पडझड त्यात होती, अगदी खरचटलेलं कोपरसुद्धा. कारखान्यातली सवय. त्यांनी शेवटचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. दुसऱ्या रकान्यात माझं नाव शोधत होते मी. ते नव्हतं. तिथे वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

"दुपारी बर्फाचा पृष्ठभाग कडक झाला, रेषा मागे घेण्यात आली नाही. गोधडी एकच पदर. जाड कानटोपीवर हेल्मेट बसत नाही, ही गोष्ट मला दोन वर्षे माहीत होती. मी आयांशी भांडत राहिलो. उपाय शोधला नाही. चूक माझी."

"काका," मी म्हटलं, "हे खोटं आहे. मी नेलं तिला तिकडे. मुद्दाम नेलं."

"ते मला माहीत आहे," काका म्हणाले. "आणि तुलाही माहीत आहे. मग लिहून काय करायचं? तू परत नेणार आहेस का?"

"नाही."

"मग झालं तर. वहीत ते लिहायचं जे आपण उद्या दुरुस्त करू शकतो. चहा टाक."

मी चहा टाकला. आलं किसताना डोळे पुसत होते, ते त्यांनी पाहिलं आणि ओवीच्या प्लास्टरवर पेनाने मोठा हत्ती काढत बसले.

पुढच्या बर्फाच्या आत काकूंनी शिवणाचं मशीन बाहेर काढलं. काकांचे जुने थर्मल बनियन, सुती दुपट्टे, जे मऊ आणि पातळ मिळेल त्यातून त्यांनी कानटोप्या शिवल्या. कान पूर्ण झाकणाऱ्या, हनुवटीखाली न बांधायच्या, आणि इतक्या पातळ की वरून हेल्मेट चपखल बसावं. एक पिशवीभर. काका टेकडीच्या पायथ्याशी ती पिशवी घेऊन उभे राहिले. कुणालाही "काढ" म्हणाले नाहीत. "ही घाल, आजीने शिवलीय," एवढंच. आयांनी कान चाचपून बघितले, झाकले जातात ना? जातात. मग हेल्मेटला कुणाचीच हरकत नव्हती. चाळीस वर्षांत जे कारखान्यात जमलं नाही ते इथे एका दुपारी जमलं, असं काका म्हणाले, आणि त्या दिवशी मी त्यांना खूश असलेलं पाहिलं. मीही पिशवीचं एक टोक धरून उभी होते.

मग लेकाची नोकरी बदलली आणि ते सगळे दक्षिणेकडे अल्फारेटाला गेले. जॉर्जियात कसला बर्फ! काका निघताना अगदी लहान मुलासारखे हिरमुसले होते. वही त्यांनी मला दिली, उरलेला गुलाल दिला. काकूंनी गोधडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "खांबाचीच झालीय ती आता, इथेच राहू दे." फोनवर काकांनी आमच्या गावाचं हवामान लावून ठेवलं होतं. इकडे बर्फाची नुसती शक्यता दिसली की सकाळी सातच्या आत फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "रेषा मारलीस का?" मी कधी वैतागायचे. काका, अजून पडतोय तो, थांबू तर दे! "थांबला की मार. आणि दुपारी परत तपास." इतकी वर्षं हे चाललं. ओवी कॉलेजला गेली तरी चाललं. ओवी तिच्या कॉलेजमागच्या टेकडीवर मित्रमैत्रिणींना लोळायला शिकवते हे मी सांगितलं, तेव्हा काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि मला ते काकूंसाठी पुन्हा सांगायला लावलं.

गेल्या दिवाळीनंतर काका गेले. झोपेत गेले, शांतपणे. मी जाऊन आले. काकूंच्या शेजारी बसून राहिले.

या हिवाळ्यात बर्फ पडला तेव्हा सातला फोन वाजला नाही. मी चहाचा कप घेऊन फोनकडे बघत बसले. आठ वाजले. ओवी इथे नाही, मला टेकडीवर काय काम, असं मनाशी म्हटलं. खरं सांगते, जायचं नव्हतं मला. त्या रेषेवर त्यांच्याशिवाय उभं राहायचं नव्हतं. मला त्यांची फार आठवण येते.

साडेआठला फोन वाजला. काकू होत्या.

"त्यांच्या फोनवर तुमच्याकडचा बर्फ दिसतोय गं," त्या म्हणाल्या. "तो फोन मी बंदच केलेला नाही. रेषा मारलीस का?"

"हो," मी म्हटलं. पहिल्यांदा खोटं बोलले मी त्या बाबतीत. फोन ठेवला आणि चप्पल शोधावी तशी घाईघाईने बूट शोधले.

सगळी तयारी घेऊन गेले. वीस पौंडी बासमतीसुद्धा. आधी उभी बाजू केली. माझ्यासारख्या आया आजही तिकडेच जातात. दहा वेळा तांदूळ सोडले, मोजले, सुतळी ताणली, गुलाल टाकला. रेषा काका मारायचे तेवढी सरळ आली नाही. गोधडी आता दुहेरी करते मी, तिला दोन माणसं लागतात, आणि खांबाशी मी एकटीच झटापट करत होते.

तेवढ्यात वरून एक मुलगी आली. मुलगी म्हणजे आईच, तिशीतली, नवीन राहायला आलेली असणार. हाताला पाचेक वर्षांचं लेकरू, त्याला जाड विणलेली कानटोपी, गळ्यात दोन वेढ्यांचा मफलर. हेल्मेट आईच्या हातात. परात काखेत.

"इकडून नको," मी म्हटलं. "आणि तो मफलर काढ त्याचा."

"एक्स्क्यूज मी?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडून मराठी ऐकलं हे तिच्या लक्षात आलं आणि तिचा पारा आणखी चढला. "अहो काकू, केवढी थंडी आहे! त्याला सर्दी होते लगेच. आणि माझा मुलगा आहे ना, बघते ना मी!"

माझ्या खिशात काकूंनी शिवलेली पातळ टोपी होती. ती काढायची होतीच. पण आधी मी गोधडीचं मोकळं टोक उचललं आणि तिच्यापुढे केलं.

"भांडायचं असेल तर भांड," मी म्हटलं, "पण तोवर हे टोक धर."

तिने माझ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, खालच्या तळ्याकडे पाहिलं. मग परात खाली ठेवली आणि टोक धरलं.